खाते एक, यंत्रे तीन : हिशेबाची सॉफ्टवेअरे करणाऱ्यांना आणि बँकांना खुले पत्र

प्रति,
घरगुती हिशेबाची सॉफ्टवेअरे आणि अॅप तयार करणारे सर्व,
तसेच बँका व पतपेढ्या यांचे संगणक विभाग

विषय : एका यंत्रावरचा हिशेब दुसऱ्या यंत्रावर धड न जाण्याबाबत

स. न. वि. वि.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातले बागायतदार, होमस्टेवाले, छोटे दुकानदार आणि पेन्शनवर घर चालवणारे यांचे हिशेब संगणकावर बसवून देण्याचे काम आम्ही काही जण करतो. हिशेब ठेवणे इथल्या माणसांना शिकवावे लागत नाही. वहीत रोजकीर्द लिहिणारी घरे अजून आहेत, जमा-नावे त्यांना पाठ आहे. घोडे अडते ते नोंद एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना.

बऱ्याच घरांतले चित्र सारखेच. गावी विंडोजचा जुना लॅपटॉप, आईवडिलांच्या हातात अँड्रॉइड फोन, मुंबईतल्या मुलाकडे मॅक किंवा लिनक्स आणि खिशात आयफोन. बँकेचे खाते मात्र एकच, आणि ३१ मार्चनंतर विवरणपत्र भरायला लागणारा हिशेबही एकच. या तीन-चार यंत्रांमधून तो अख्खा फिरला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे. तो कुठे कुठे फुटतो ते खाली लिहितो.

सुरुवात बँकेच्या उताऱ्यापासून. नेटबँकिंगमध्ये ‘एक्सेल’ म्हणून जी फाइल उतरते, ती बऱ्याचदा एक्सेलची नसतेच. आत टॅब देऊन मांडलेला साधा मजकूर असतो किंवा वेबपानाचा तक्ता, आणि नावापुढे डॉट एक्सएलएस चिकटवलेले. विंडोजवरचा एक्सेल ‘फाइलचा प्रकार आणि नाव जुळत नाही’ म्हणून कुरकुर करतो, पण उघडतो. एक्सेलला पर्याय असलेले मोफत लिब्रेऑफिस मजकूर आयात करण्याची खिडकी पुढे करते. फोनवरचे अॅप सरळ ‘फाइल खराब आहे’ म्हणते आणि माणूस बँकेत फोन लावतो. आत साधा मजकूर असेल तर उपाय सोपा आहे : नाव बदलून शेवटी डॉट सीएसव्ही (स्वल्पविरामाने किंवा टॅबने रकाने पाडलेला मजकूर) करायचे. पण विंडोज मुळात नावाचे शेपूट लपवतो. त्यामुळे बदललेले नाव प्रत्यक्षात ‘उतारा डॉट सीएसव्ही डॉट एक्सएलएस’ होते आणि फाइल होती तशीच राहते. आधी फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन शेपटे दिसतील असे करावे लागते. बँकांनो, एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? मजकूर देणार असाल तर नावही मजकुराचेच द्या.

मग तारखा. हा घोटाळा सर्वांत वाईट, कारण तो दिसत नाही. नव्या लॅपटॉपवर विंडोजचा प्रदेश ‘युनायटेड स्टेट्स’ राहून गेलेला असतो. बँकेने ०५/०४/२०२५ म्हणजे ५ एप्रिल लिहिले, एक्सेलने ते ४ मे समजून घेतले. १२ तारखेपर्यंतच्या सगळ्या नोंदी अशा उलटतात. १३ पासून पुढे तेरावा महिना नसल्यामुळे एक्सेल हात टेकतो आणि तारीख नुसता मजकूर म्हणून ठेवतो. म्हणजे एकाच रकान्यात अर्ध्या तारखा चुकीच्या आणि अर्ध्या तारखाच नाहीत. ओळखायची खूण अशी : रकान्याची मांडणी आपण बदलली नसेल, तर खऱ्या तारखा उजवीकडे सरकलेल्या असतात आणि मजकूर डावीकडे. रकाना नागमोडी दिसला की फाइल जतन न करता बंद करायची. एकदा जतन केली की मूळ तारीख गेली.

विंडोजवर ‘रीजन’मध्ये ‘इंग्लिश, इंडिया’ निवडावे. मॅकवर ‘लँग्वेज अँड रीजन’मध्ये भारत निवडून एक्सेल पुन्हा चालू करावे. आमचा सल्ला मात्र वेगळा आहे : सीएसव्ही दोनदा टिचकी मारून उघडूच नये. लिब्रेऑफिसच्या आयात खिडकीत तारखेच्या रकान्यावर ‘दिवस-महिना-वर्ष’ असा प्रकार द्यावा आणि खाते क्रमांक व संदर्भ क्रमांकाच्या रकान्यांना ‘मजकूर’. ही खिडकी विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे सारखीच दिसते. फोनवरून एकदाच समजावून सांगता येते, हा तिचा खरा फायदा. खाते क्रमांकाला मजकूर यासाठी म्हणायचे, की एक्सेल आकड्यातले १५ अंकच धरतो. पुढच्या अंकांची शून्ये होतात, सुरुवातीची शून्ये गळतात, आणि १२ अंकी यूपीआय संदर्भसुद्धा ‘१.२३ई+११’ अशा रूपात समोर येतो.

रकमांचीही तीच गत. ‘१,२५,०००.००’ ही रक्कम अवतरणचिन्हांशिवाय सीएसव्हीत टाकली की तिचे तीन रकाने होतात आणि शिल्लक भलत्याच जागी जाऊन बसते. क्रेडिट कार्डाच्या उताऱ्यात रकमेला ‘सीआर’ची (क्रेडिट, म्हणजे जमा) शेपटी असते, मग ती रक्कम राहत नाही, अक्षरे होतात. आम्ही प्रत्येक उताऱ्याच्या शेवटी एक जास्तीचा रकाना करतो : मागच्या ओळीची शिल्लक, वजा या ओळीतले नावे, अधिक जमा, वजा या ओळीची शिल्लक. प्रत्येक ओळीला शून्य आले पाहिजे. जिथे येत नाही तिथे ओळ तुटलेली असते, गळलेली असते किंवा दुबार आलेली. हे काम सॉफ्टवेअरने आयात करतानाच करायला हवे. शिल्लक रकाना बँक देतेच, पण आयात करताना तो पडताळणीला वापरलेला आम्हाला क्वचितच दिसतो.

आता एक तक्रार खास मराठी माणसाची. अँड्रॉइड फोनची भाषा मराठी ठेवली की कित्येक अॅपमधले आकडे देवनागरी होतात. पडद्यावर छान वाटते. पण अॅप लिहिणाऱ्याने पडद्यासाठी आणि निर्यातीसाठी एकच पद्धत वापरली असेल, तर सीएसव्हीतही देवनागरी आकडे उतरतात आणि डेस्कटॉपवरच्या बहुतेक प्रोग्रामना ती रक्कम वाटत नाही. नोंदी शून्य रुपयांच्या होतात किंवा आयातच नाकारली जाते. यात फोनचा दोष नाही. मराठीसाठी ठरलेली आकड्यांची मूळ पद्धत देवनागरी आहे, म्हणून फोन त्याप्रमाणे वागतो. अॅप करणाऱ्याने फाइल लिहिताना भाषेशी संबंध नसलेली ठरावीक आकडेपद्धत मागायला हवी. एका ओळीची दुरुस्ती आहे. ती होईपर्यंत आम्ही लोकांना सांगतो की निर्यातीपुरती फोनची भाषा इंग्रजी करा, अॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, मग फाइल काढा. मराठी वापरल्याचा असा दंड भरावा लागणे आम्हाला पटत नाही.

खर्चाच्या नावांत मराठी असले की उलट दिशेने गडबड. युनिकोड (सर्व लिप्यांची सामाईक अक्षरपद्धत) सीएसव्हीच्या सुरुवातीला ती युनिकोड असल्याची ओळखखूण नसेल, तर विंडोजचा एक्सेल ‘खत’ आणि ‘फवारणी’च्या जागी चित्रविचित्र चिन्हांची रांग दाखवतो. मॅकच्या नंबर्समध्ये आणि लिनक्सवर तीच फाइल ठीक दिसते, म्हणून मुंबईचा मुलगा म्हणतो ‘माझ्याकडे नीट आहे’. ‘डेटा’मधून ‘फ्रॉम टेक्स्ट’ आणि ६५००१ युनिकोड निवडले की अक्षरे परत येतात. पतपेढ्यांमधून अजून कधीकधी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टातले उतारे मिळतात. तिथे हा उपाय चालत नाही. आधी रूपांतर करावे लागते आणि जोडाक्षरे हाताने तपासावी लागतात.

आता आंब्याची पट्टी, म्हणजे दलालाकडून येणारा विक्रीचा हिशेब. अॅप करणाऱ्यांनी हा परिच्छेद कृपा करून सावकाश वाचावा. समजा, वाशीला माल गेला आणि पट्टी आली : विक्री १,८०,०००. त्यातून भाडे ९,०००, हमाली-वाराई ३,०००, रिकाम्या पेट्यांचे ८,०००, आणि मोहोराच्या वेळी घेतलेल्या उचलीपैकी ६०,००० वळते. बँकेत जमा झाले १,००,०००. फोनवरच्या बहुतेक अॅपना फक्त हा शेवटचा आकडा दिसतो आणि ते ‘उत्पन्न एक लाख’ अशी नोंद करून मोकळे होतात. वास्तविक उत्पन्न १,८०,०००, खर्च २०,०००, आणि ६०,००० हा खर्चच नव्हे, ते देणे फिटले. उलट नोव्हेंबरात उचल आली तेव्हा याच अॅपने ती उत्पन्नात धरलेली असते. म्हणजे वर्षाचा नफा दोन्ही टोकांना खोटा.

दुहेरी नोंदीच्या प्रोग्राममध्ये, उदाहरणार्थ ग्नूकॅशमध्ये, ही एकच नोंद सहा फाट्यांची (सहा खात्यांत वाटलेली) होते आणि बेरीज शून्य आल्याशिवाय प्रोग्राम तिला तोललेली मानत नाही. पण डेस्कटॉपवरून ती सीएसव्हीत काढली की एका व्यवहाराच्या सहा ओळी होतात. त्या पुन्हा जोडायच्या कशा, हे दुसऱ्या प्रोग्रामला कळत नाही. फाटे असलेली नोंद ही काही मोठ्या कंपन्यांची चैन नाही. होमस्टेचे पोर्टल कमिशन कापून पैसे पाठवते तिथेही तीच लागते, आणि किराणा दुकानदार मालाच्या बिलातून परत केलेला माल वजा करतो तिथेही.

याच्याशीच जोडलेला वर्षाचा प्रश्न. फवारणी, मजुरी, राखण यांचा खर्च ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून सुरू होतो. विक्री मार्च ते मे. म्हणजे हंगाम ३१ मार्चच्या दोन्ही बाजूंना पडतो. बागायतदाराला दोन वेगळे अहवाल लागतात : करासाठी एप्रिल ते मार्च, आणि बागेने काय दिले हे कळायला ऑक्टोबर ते सप्टेंबर. अॅप देते ‘हा महिना’ आणि ‘हे वर्ष’, आणि वर्ष जानेवारीपासून. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी ते दाखवावे लागते. ५,००० रुपयांवर गेले की विवरणपत्र क्रमांक एक चालत नाही, आणि इतर उत्पन्न करपात्र असेल तर कराचा दर ठरवताना शेतीचे निव्वळ उत्पन्न हिशेबात धरले जाते. तेव्हा निव्वळ किती, हे पट्टीवरून काढता आले पाहिजे, बँकेच्या जमेवरून नव्हे. अहवालाला ‘पासून-पर्यंत’ अशा दोन चौकटी द्या, एवढ्यानेही निम्मे काम होईल.

एसएमएस वाचून आपोआप खर्च लिहिणाऱ्या अॅपविषयी थोडक्यात. आयफोनवर कुठल्याही अॅपला एसएमएस वाचता येत नाहीत, म्हणून एकच अॅप दोन फोनवर दोन वेगळे हिशेब सांगते. काही बँकांनी छोट्या यूपीआय रकमांचे एसएमएस बंद केले आहेत. कार्डाचे बिल भरले की खर्च दोनदा धरला जातो, एकदा खरेदीला आणि एकदा बिलाला. आणि यूपीआय लाइट : सप्टेंबर २०२२ पासून ही सोय आहे. मासळी बाजारात बांगड्याचे दीडशे, रिक्षाचे चाळीस त्यातून जातात, पण बँकेच्या उताऱ्यात लाइटमध्ये भरलेली ठोक रक्कम तेवढी दिसते. त्यासाठी ‘लाइट’ नावाचे वेगळे खाते उघडावे, भरणा हा खर्च न धरता बदली धरावी, आणि महिन्याला उरलेली शिल्लक पाहून फरक ‘किरकोळ’ला टाकावा. प्रत्येक बांगड्याची नोंद ठेवायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

आता सिंक, म्हणजे सगळ्या यंत्रांवरचा हिशेब एकसारखा ठेवणे. पावसाळ्यात इथे वीज जाते, पाठोपाठ टॉवरही जातो. इंटरनेटशिवाय न उघडणारे अॅप आमच्या कामाचे नाही, मग ते कितीही देखणे असो. म्हणून आम्ही फाइल स्वतःच्या यंत्रावर ठेवणारे प्रोग्राम सुचवतो : ग्नूकॅश, मनी मॅनेजर ईएक्स, होमबँक, केमायमनी. पण मग लोक ती फाइल ड्राइव्हच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवतात आणि गावी वडील व मुंबईत मुलगा एकाच वेळी उघडतात. दोघांची जतन केलेली प्रत भिडते आणि फोल्डरमध्ये दोन फाइली दिसू लागतात. कुणाची खरी, हे कुणालाच सांगता येत नाही. एसक्यूलाइटची (सगळा हिशेब एका डेटाबेसात ठेवणारी) फाइल असेल तर ती अर्धवट चढून पूर्ण बिघडूही शकते.

ग्नूकॅश उघडी फाइल ओळखायला शेजारी एलसीके नावाची कुलूप-फाइल ठेवतो. मध्येच वीज गेली तर कुलूप तसेच राहते आणि पुढच्या वेळी ‘कुलूप मिळत नाही’ असे सांगून काही पर्याय समोर येतात. घाबरून माणूस ‘नवी फाइल’ निवडतो आणि सगळा हिशेब पुसला गेला असे समजतो. दुसरीकडे कुणी उघडलेली नाही याची खात्री असेल तर ‘तरीही उघडा’ निवडायचे. घोळ झालाच, तर तारीख-वेळ लावलेल्या मागच्या प्रती त्याच फोल्डरमध्ये असतात. ठरवून न बदलल्यास त्या ३० दिवस राहतात. आम्ही घालून दिलेला नियम कडक आहे : चालू फाइल सामाईक फोल्डरबाहेर, लिहिणारा एकच, आणि प्रोग्राम बंद केल्यावरच प्रत वर चढवायची. दुसऱ्याने ती फक्त वाचायची. हा नियम माणसांनी पाळावा लागतो ही सॉफ्टवेअरची उणीव आहे. मनी मॅनेजर ईएक्सची तीच फाइल डेस्कटॉपवर आणि अँड्रॉइडवर चालते, ही चांगली गोष्ट. पण तेवढ्याने नियम सुटत नाही.

सॉफ्टवेअर बंद पडण्याची भीती कुणी उगाच म्हणू नये. मायक्रोसॉफ्ट मनीची विक्री ३० जून २००९ ला थांबली. नंतर फुकट दिलेली शेवटची आवृत्ती फक्त विंडोजची आणि तिच्यातून बाहेर पडायचे तर एकेका खात्याची क्यूआयएफ (हिशेब एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेण्याची जुनी फाइलपद्धत) काढावी लागते. अमेरिकेतले लाखो लोकांचे मिंट हे खर्चाचे अॅप मार्च २०२४ मध्ये बंद झाले. क्यूआयएफमध्ये तारखेचा क्रम सांगितलेला नसतो आणि व्यवहाराला ओळख क्रमांक नसतो. तीच फाइल दोनदा घेतली तर दुबार नोंदी ओळखायला प्रोग्रामला तारीख आणि रकमेवरून अंदाज बांधावा लागतो. एकाच दिवशी एकाच दुकानात दोनदा शंभर रुपये दिले तर खरी नोंद उडते. १९९७ मध्ये आलेल्या ओएफएक्स या दुसऱ्या फाइलपद्धतीत प्रत्येक व्यवहाराला बँकेने दिलेला क्रमांक असतो, त्यामुळे फाइल कितीदाही घेतली तरी नोंद एकदाच होते. आपल्याकडे बँका ओएफएक्स क्वचितच देतात. वास्तविक क्रमांक त्यांच्याकडे आहेच : यूपीआयचा १२ अंकी संदर्भ. तो ‘यूपीआय, तिरकी रेघ, डीआर, तिरकी रेघ’ अशा लांबलचक वर्णनाच्या पोटात कोंबलेला असतो. पीडीएफमधून काढताना हे वर्णन तीन ओळींत तुटते आणि संदर्भाचे दोन तुकडे होतात.

रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये अकाउंट अॅग्रिगेटरचे नियम केले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ही व्यवस्था चालू झाली. ग्राहकाच्या संमतीने माहिती एका संस्थेकडून दुसरीकडे सुरक्षित जाते, रचना उत्तम आहे. पण माहिती घेणारी संस्था कुठल्यातरी वित्तीय नियामकाखालची असावी लागते. कर्ज देणाऱ्या कंपनीला माझा वर्षभराचा उतारा यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात मिळतो, आणि माझ्याच लॅपटॉपवरच्या मुक्त प्रोग्रामला मिळत नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातही आपली माहिती अशा स्वरूपात सोबत नेण्याचा हक्क नाही. आधीच्या २०१९ च्या विधेयकात तो होता. शिवाय पतपेढीतले खाते आणि रोजची पिग्मी ही आमच्याकडच्या कितीतरी घरांची खरी बचत. ती या वाटेने येत नाही, पासबुकावरून हातानेच चढते.

म्हणून मागण्या. बँकांनी पीडीएफच्या जोडीला एक सीएसव्ही द्यावी : तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, नावे आणि जमा वेगळे, रकमेत स्वल्पविराम नाही, संदर्भ क्रमांक स्वतःच्या रकान्यात, शिल्लक शेवटी, युनिकोड ओळखखुणेसह. त्यापुढे जायची तयारी असेल तर आयएसओ २००२२ या आंतरराष्ट्रीय संदेशपद्धतीचा उतारा द्या. आरटीजीएस २०१३ पासून त्याच पद्धतीवर चालते, म्हणजे ती तुम्हाला अनोळखी नाही. रिझर्व्ह बँकेने ग्राहकाला स्वतःसाठीच माहिती घेण्याची वाट अॅग्रिगेटरमध्ये उघडावी. पतपेढ्यांनी निदान युनिकोडमध्ये उतारा द्यावा.

सॉफ्टवेअर करणाऱ्यांना एकच कसोटी सुचवतो, आणि तिचा निकाल प्रत्येक आवृत्तीबरोबर जाहीर करावा अशी विनंती आहे. वर दिलेली पट्टी, एक यूपीआय लाइटचा भरणा, एक कार्डाचे बिल आणि एकाच दिवशी दोनदा दिलेले शंभर रुपये, एवढ्या नोंदी फोनची भाषा मराठी ठेवून अँड्रॉइडवर करा. निर्यात करा. ती फाइल विंडोजवर घ्या, तिथून मॅक किंवा लिनक्सवर, आणि परत फोनवर. प्रत्येक मुक्कामी फाटे, तारखा, मराठी नावे आणि शिल्लक पैशापर्यंत जुळली पाहिजे. तीच फाइल मुद्दाम दुसऱ्यांदा घ्या, एकही नोंद वाढता कामा नये. कुठे अडले ते लिहून कळवा. पट्टीचा आणि उताऱ्याचा नमुना, नावे व खाते क्रमांक काढून, आम्ही पुरवू.

कळावे,
आपले,
कोकण किनाऱ्यावरचे काही हिशेबनीस